वळवाच्या वादळानंतरची पाहणी : टोर्नेडो म्हणण्याआधी काय काय मोजायचं? (सोलापूर जिल्हा)

माळरान (धागाकर्ता)

एप्रिल-मे आला की बातमी ठरलेली असते. अमुक गावात चक्रीवादळ, इतक्या घरांचे पत्रे उडाले, केळी भुईसपाट. पाठोपाठ व्हॉट्सॲपवर ‘टोर्नेडो’ म्हणून एक व्हिडिओ फिरतो. खरं चक्रीवादळ समुद्रावर जन्मतं आणि शेकडो किलोमीटर पसरतं, त्याचा इथे संबंध नाही. उरतात तीन शक्यता : टोर्नेडो, ढगातून खाली आदळणारा वारा म्हणजे डाउनबर्स्ट, आणि त्याच गार हवेचा पुढे धावणारा लोट म्हणजे गस्ट फ्रंट. आपल्याकडे पहिली शक्यता फार कमी. पण हे पाहणी करून म्हणायचं असतं, घरी बसून नाही.

पंचनाम्यातून हे कळत नाही. तलाठी (पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी, पण गावात तलाठीच), कृषी सहायक आणि ग्रामसेवक जे लिहितात ते नुकसान किती याबद्दल, पीक ३३ टक्क्यांच्या वर गेलं का याबद्दल. वारा कुठून आला नि किती होता याचा त्यात रकानाच नाही.

पहिला नियम वेळेचा. पत्रे दुसऱ्या सकाळपासून परत चढायला लागतात आणि रस्त्यावरची झाडं त्याच रात्री कापून बाजूला होतात. म्हणून आधी रस्त्याकडेची झाडं, मग घरं आणि शेड, शेवटी शेतं. आडव्या ऊस-केळीचा मोठा पट्टा नंतर सेंटिनेल-२ च्या चित्रातही शोधता येतो (१० मीटरचा ठिपका, साधारण पाच दिवसांनी नवं चित्र, ढग नसतील तर). कापून नेलेला कडुलिंब कुठेच सापडत नाही.

सामान थोडंच लागतं. फोन, होकायंत्र, लांब टेप, वही. फोनमधलं होकायंत्र चालेल, पण पत्र्याच्या ढिगाजवळ किंवा गाडीला टेकून वाचन घेऊ नका, आठ-दहा पावलं लांब जा. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत आपल्याकडे अंशभराचाच फरक आहे, तो सोडून द्या.

प्रत्येक पडलेल्या झाडाच्या चार नोंदी घ्या. बुंध्याकडून शेंड्याकडे बघून अंश. उपटलं की खोडात मोडलं. साडेचार फुटांवर घेर. आणि आधीचा दोष : पोकळी, वाळवी, एकाच अंगाला वाढलेला पर्णभार, गटार किंवा पाइपलाइन खणताना तुटलेली मुळं. चौथा रकाना कुणी भरत नाही. मग ज्या कडुलिंबाची रस्त्याकडची सगळी मुळं जेसीबीने आधीच तोडलेली, तो नकाशावर वाऱ्याचा पुरावा म्हणून जातो.

वहीत ‘शेंडा’ असंच लिहा, ‘वारा’ लिहू नका. वाऱ्याचं नाव तो जिथून येतो त्यावरून पडतं. शेंडा आग्नेयेला, १३५ अंशांवर असेल, तर वारा वायव्येचा, ३१५ अंशांचा. निम्मे लोक एक लिहितात, निम्मे दुसरं, आणि नकाशावर उगाच ‘उलटसुलट वारा’ तयार होतो.

सीना_काठ

झाडं किती मोजायची? आणि फोटोंचं काय? ग्रुपवर दोनशे फोटो येतात, जागा एकाचीही कळत नाही.

माळरान

एका गावाला तीस-चाळीस नोंदी पुरेत, पण गावाच्या चारही अंगांना विखुरलेल्या हव्यात. एकाच रस्त्यावरच्या शंभर नोंदी म्हणजे एकच नोंद शंभर वेळा. आणि न पडलेलं लिहायला विसरू नका. ‘इथे चिंचेची डहाळीसुद्धा मोडलेली नाही’ ही नोंद पट्ट्याची कड ठरवते. कड नसेल तर रुंदी नाही, आणि रुंदी नसेल तर पुढची चर्चाच नको.

फोटो व्हॉट्सॲपवर ‘फोटो’ म्हणून पाठवला की त्यातली जागेची माहिती पुसली जाते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन चालू हवं, हे आधीच सांगून ठेवा. एका ठिकाणाचे तीन फोटो : लांबून, जवळून, आणि जिथे तुटलं ते अगदी चिकटून, सोबत टेप धरून.

केळीबाग

करमाळा-माढ्याकडे, कंदर-टेंभुर्णीच्या पट्ट्यात झाडांपेक्षा केळी जास्त मिळेल. केळी दिशेला उत्तम आणि वेगाला निरुपयोगी. तिचं खोड म्हणजे एकमेकांवर गुंडाळलेले पानांचे देठ, लाकूड नाहीच. घड लागलेलं झाड साध्या वळवाच्या झोतातही जातं.

दिशा घेताना तीन गोष्टी सांभाळा. घडाचं झाड मुळातच घडाच्या अंगाला कललेलं असतं, म्हणून घड न लागलेला प्लॉट आधी बघा. पट्टीने एकमेकांना बांधलेल्या ओळीत एक पडलं की बाकीची त्याच्यामागे ओढली जातात, ती सगळी मिळून एकच नोंद. बांधालगतच्या दोन ओळी सोडा, तिथे वारा बांधावरून उसळून येतो. आत पंधरा-वीस झाडांचं वाचन घेऊन मधलं मूल्य लिहा.

उसाचंही तसंच, पण नुकतं पाणी दिलेल्या शेतात तो कमी वाऱ्यात लोळतो. शेजारी-शेजारी एक फड उभा नि एक आडवा दिसला की आधी पाण्याची पाळी विचारा.

टेफिग्राम

आता हे बाण नकाशावर कसे वाचायचे ते.

डाउनबर्स्टमध्ये बाण एका जागेपासून पंख्यासारखे फाकतात. वादळ पुढे सरकत असेल तर मागच्या बाजूचे बाण जवळपास नसतातच, पुढचा अर्धा पंखाच दिसतो. पट्टा ४ किलोमीटरच्या आत असेल तर मायक्रोबर्स्ट, त्याहून मोठा तर मॅक्रोबर्स्ट. हा प्रकार ओळखला तेत्सुया फुजिता यांनी. २४ जून १९७५ ला न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर ईस्टर्न ६६ हे विमान उतरताना कोसळलं, त्याच्या अभ्यासातून. त्याआधीच्या वर्षी टोर्नेडोचं नुकसान विमानातून पाहताना जंगलात फाकलेली झाडं त्यांनी टिपली होती, ती इथे उपयोगी पडली.

टोर्नेडोत उलट. पट्टा अरुंद, बहुतेक वेळा काही दशक ते काही शे मीटर, पण लांब. बाण मध्यरेषेकडे वळलेले. उत्तर गोलार्धात बहुतेक टोर्नेडो घड्याळाच्या उलट फिरतात, त्यामुळे वाटचालीच्या उजव्या अंगाला फिरण्याचा वेग आणि सरकण्याचा वेग यांची बेरीज होते : तिथली झाडं पुढे पडतात नि नुकसान जास्त. डाव्या अंगाला वजाबाकी, तिथली झाडं आडवी किंवा चक्क मागे.

पण एकमेकांकडे वळलेले बाण दिसले म्हणजे टोर्नेडो झालाच, असंही नाही. दोन डाउनबर्स्ट शेजारी उतरले तर मधल्या पट्ट्यात बाण एकमेकांवर येतात. अशा वेळी जिथे दोन झाडं एकमेकांवर आडवी पडली आहेत ती जागा शोधा. खाली कोणतं, वर कोणतं? खालचं आधी पडलं. अशा चार-पाच जोड्या मिळाल्या आणि सगळीकडे खालचं झाड वायव्येच्या वाऱ्याने, वरचं ईशान्येच्या वाऱ्याने पडलेलं असेल, तर एकापाठोपाठ एक असे दोन झोत होते. पाहणीत सर्वात मोलाची नोंद हीच, आणि करवत फिरली की सर्वात आधी हीच जाते.

बार्शी_लाइन

हे सगळं मान्य, पण पत्रा पिळून बाभळीला गुंडाळलेला, गच्चीवरची प्लास्टिकची टाकी वाऱ्याच्या उलट दिशेला सापडलेली, आणि व्हिडिओत धूळ गरगर फिरताना साफ दिसते. हे सरळ वाऱ्याने कसं होईल ओ?

टेफिग्राम

तिन्ही होतं. पत्रा हवेत गेला की स्वतःभोवती फिरतच जातो, खोडावर आपटला की कडा मागे दुमडतात. पिळलेल्या पत्र्याने आदळण्याचा जोर कळतो, वारा फिरत होता का ते नाही. रिकामी टाकी इमारतीच्या आडोशाला उलट्या भोवऱ्यात सापडते आणि मागे घरंगळते. ती भरलेली होती की रिकामी हे मात्र विचारा. पाण्याने भरलेली हजार लिटरची टाकी जागची हलली असेल तर गंभीर गोष्ट आहे.

व्हिडिओत धूळ बघू नका, वर बघा. फिरणारा भाग ढगाच्या तळापर्यंत सलग जातो का? ढगाचा तळ स्वतः फिरतो का? गस्ट फ्रंटच्या कडेवर धुळीचे छोटे भोवरे उठतात नि अर्ध्या-एक मिनिटात विरतात, त्यांचा वरच्या ढगाशी जोड नसतो. आणि कडक उन्हात, निरभ्र आकाशाखाली रानातून फिरते ती वावटळ, तिला वादळ लागतच नाही.

पत्रेवाला

घरांकडे येतो. ‘पत्रे उडाले’ ही नोंद नव्हे, काय आधी सुटलं ती नोंद. हिशेब करून बघा.

ताशी १०० किमी म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. इमारतीवरच्या वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक आयएस ८७५ (भाग ३), त्याचं सूत्र : दाब = ०.६ × वेगाचा वर्ग, म्हणजे ४६३ न्यूटन, चौरस मीटरला साधारण ४७ किलो. दहा फुटी, साडेतीन फूट रुंद पत्रा सव्वातीन चौरस मीटरचा. छपरावरच्या दाबाचा गुणांक १ धरला तरी १५० किलोची वर ओढ, आणि अर्धा मिलीमीटर जाडीच्या पत्र्याचं स्वतःचं वजन जेमतेम १३-१५ किलो. म्हणजे धरून ठेवतात ते हूकच. सहा हुकांत वाटलं तर प्रत्येकी २५ किलो. वळचणीला नि कोपऱ्यात ओढ दीड-दोन पट होते, दार उघडं राहिलं तर आतून वर ढकलणारा दाब वेगळा. तरीही नीट बसवलेला ८ मिलीमीटरचा जे-हूक एवढं पेलतो. मग ६०-७० च्या वाऱ्यात पत्रे जातात ते का? बांधणीमुळे. म्हणून शिडी लावून वर चढा आणि हे बघा.

हूक पर्लिनवर (पत्र्याखालच्या आडव्या अँगलवर) जागच्या जागी, आणि पत्र्याचं भोक लांबट होऊन फाटलेलं : वॉशर गेलेला, भोकाभोवती गंज. पत्र्याची भोकाजवळची कड बोटाने दाबा, मोडली तर वाऱ्याला दोष देऊ नका. अशा ठिकाणी फार वेग लागत नाही.

हूक सरळ झालेला : ओढ खरोखर मोठी, किंवा हूक पातळ. व्यास मोजा, लिहा.

पर्लिनसकट पत्रा गेलेला : वेल्डिंग बघा. दोन टाके मारून सोडलेलं असेल तर तुटलेल्या जागी जुना गंज दिसतो. पूर्ण वेल्ड असूनही अँगल फाटला असेल तर लोखंड चकाकतं.

कैचीसकट गेलं : भिंतीतले बोल्ट किती खोल होते, काँक्रीटच्या पट्टीत होते की नुसत्या विटांच्या थरात? विटा बोल्टला चिकटून वर आल्या असतील तर वेगाचा अंदाज खाली आणा.

भिंत पडलेली असेल तर क्रम विचारा. छप्पर गेल्यावर वर आधार नसलेली चार इंची भिंत पुढच्या साध्या झोतातही पडते. ते दुसरं नुकसान, वेगळं.

माळवदाचं घर यात धरू नका. मातीचा थर इतका जड की ते वाऱ्याने उडत नाही, मुरलेल्या पावसाने खचतं. आणि पत्र्यावर वजनाला दगड ठेवलेले असतील तर ते किती नि कुठे जाऊन पडले हेही लिहा. दगड पत्रा धरून ठेवत नाहीत, पत्रा उचलला की तेच खाली माणसाच्या डोक्यात येतात.

सीना_काठ

पत्रा दीड-दोनशे मीटरवर सापडला तर त्यावरून वेग काढता येतो का?

पत्रेवाला

नाही. क्षेत्रफळ जास्त, वजन कमी, एकदा वर गेला की तरंगत जातो. अंतर लिहा, दिशा लिहा, वेग काढू नका. विजेच्या खांबांचंही तेच. एका ठिकाणी झाड तारेवर पडलं की ताणाने ओळीतले पाच-सात सिमेंटचे खांब एकामागून एक मोडतात. त्यांची दिशा तारेची, वाऱ्याची नव्हे. होर्डिंगचंही तसंच : घाटकोपरला १३ मे २०२४ ला वादळात पडलेलं होर्डिंग १२० बाय १२० फुटांचं होतं, १७ जण गेले. तिथे पाया हाच प्रश्न होता. त्यावरून वाऱ्याचा वेग मोजायला गेलात तर फसाल.

बार्शी_लाइन

मग वेग कशावरून सांगायचा? अमेरिकेत ईएफ-२, ईएफ-३ असं दोन दिवसांत जाहीर करतात की.

टेफिग्राम

ईएफ (एन्हान्स्ड फुजिता) ही टोर्नेडोची तीव्रता ठरवायची मापनश्रेणी फेब्रुवारी २००७ पासून तिकडे वापरात आहे. तिच्यात २८ प्रकारच्या वस्तू आहेत, प्रत्येकीच्या नुकसानाच्या पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीला तीन वेग : अपेक्षित, खालचा, वरचा. वेग म्हणजे तीन सेकंदांचा झोत. ईएफ-० ताशी १०५ ते १३७ किमी, ईएफ-१ १३८ ते १७७, ईएफ-२ १७८ ते २१७, ईएफ-३ २१८ ते २६६, ईएफ-४ २६७ ते ३२२, त्यापुढे ईएफ-५.

गोम अशी की ही श्रेणी वारा मोजत नाही, नुकसान मोजते. ३१ मे २०१३ च्या ओक्लाहोमातल्या एल रिनो टोर्नेडोत फिरत्या रडारने ताशी ४५० किमीच्या वरचे वारे टिपले. पण वाटेत बहुतेक मोकळी शेतं, म्हणून अधिकृत नोंद ईएफ-३. आपल्या माळरानावर हीच अडचण दुप्पट.

दुसरं, त्या २८ वस्तूंमधलं घर लाकडी सांगाड्याचं आहे. आपलं पत्र्याचं शेड, मंगलोरी कौलं, द्राक्षाचा मांडव, बेदाणा शेड त्यात नाहीत. तिकडचा आकडा इकडच्या घराला लावणं म्हणजे शुद्ध अंदाजपंचे. युरोपने आणि जपानने आपापल्या बांधकामांना जुळवून स्वतःच्या श्रेण्या केल्या, त्या यासाठीच.

त्यातल्या त्यात झाडं वापरता येतात. रुंदपर्णी झाडांसाठी ईएफमधले आकडे असे : एक ते तीन इंच जाडीच्या फांद्या मोडल्या तर अपेक्षित वेग ताशी ११९ किमी, झाड उपटलं तर १४६ (१२२ ते १९०), खोड मोडलं तर १७७ (१५० ते २१६). हे निरोगी झाडाचे आकडे. दोषाचा रकाना भरलेला असेल तर खालची सीमा, किंवा त्याहूनही खाली. पावसाने भिजलेल्या मुरमात उथळ मुळांचा गुलमोहर ८०-९० मध्येही जातो. म्हणून एका झाडावरून आकडा नको. निरोगी कडुलिंब नि चिंचांपैकी किती टक्के पडले, किती नुसते फांद्यांवर निभावले, हे प्रमाण बघा. दहांतलं एक पडलं आणि नऊ उभे, तर १४६ लिहायचं धाडस करू नका.

अहवालात पल्ला लिहावा : ‘झोत ९० ते १२० किमी, भरवसा मध्यम’. ‘ताशी १५० च्या वेगाने’ असं बातमीत छापून येतं, ते कुठल्या यंत्राने मोजलं हे कुणी विचारत नाही.

हवेचा_दाब

अंदाजाकडे वळू या, कारण पाहणीतला पंखा आणि सकाळचा टेफिग्राम (उंचीनुसार हवेचं तापमान नि दवबिंदू दाखवणारा आलेख) एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत.

सोपा हिशेब. तापमान वजा दवबिंदू, गुणिले १२५, म्हणजे ढगाचा तळ जमिनीपासून किती मीटर. सोलापुरात मेच्या दुपारी ४१ अंश, दवबिंदू १५ : फरक २६, तळ ३२५० मीटरवर. दमट दिवस धरा, ३८ नि २२ : तरी २००० मीटर. टोर्नेडोला तळ साधारण एक किलोमीटरच्या आत हवा, म्हणजे फरक आठ अंशांच्या आत. दुपारी तसा दिवस आपल्याकडे कुठला? पावसाळ्यात मिळतो, पण तेव्हा हवेतली अस्थिरता (वर उसळण्याची ओढ) कमी झालेली असते.

मात्र हाच उंच तळ डाउनबर्स्टला खाद्य पुरवतो. थेंब ढगाखालच्या तीन किलोमीटर कोरड्या हवेतून पडताना वाफ होतात, हवा गार नि जड होते, खाली कोसळते. टेफिग्रामवर तापमान आणि दवबिंदूच्या रेषा जमिनीपाशी लांब आणि वर ढगाच्या तळाशी जवळ येतात. ढगाखाली लोंबणारा पण जमिनीला न टेकणारा पावसाचा पडदा दिसला तर सावध व्हा. तिथे पाऊस मिळणार नाही, वारा मिळेल.

आकड्यात बघायचं तर डीकेप, म्हणजे खाली कोसळणाऱ्या हवेला मिळू शकणारी ऊर्जा. १००० जूल प्रति किलोला सूत्राने कमाल वेग (२ × १०००) चं वर्गमूळ, म्हणजे सेकंदाला ४५ मीटर. प्रत्यक्षात घर्षण नि मिसळणीमुळे निम्मा धरा, ताशी ८० किमी. पत्रे जायला पुरेसा.

दिवसाचा क्रम असा ठेवता येतो :

सकाळी आधी विदर्भ-मराठवाड्यापासून कर्नाटकच्या अंतर्भागातून दक्षिणेला जाणारा द्रोणीय पट्टा (कमी दाबाचा लांबट पट्टा) कुठे आहे ते. आपण त्याच्या पूर्वेला, दमट अंगाला आहोत की पश्चिमेला? साडेआठच्या नोंदीतला दवबिंदू कालच्यापेक्षा दोन-तीन अंशांनी चढला असेल तर दिवस कामाचा.

मग वरची हवा मोजायला सोडतात त्या फुग्याचं निरीक्षण. हैदराबाद आणि छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) जवळचे, पण दोन्ही सोलापूर नाहीत. शिवाय शून्य यूटीसी म्हणजे पहाटे साडेपाच, त्या वेळी केप (वर चढणाऱ्या हवेला मिळू शकणारी ऊर्जा) शून्याजवळ दिसतो म्हणून निर्धास्त राहू नका. खालच्या थरात दुपारचं अपेक्षित तापमान नि दवबिंदू घालून केप पुन्हा काढा. वेळेची गल्लत फार होते : मॉडेलवर ०९ यूटीसी लिहिलंय म्हणजे आपले दुपारचे अडीच.

शिअर, म्हणजे उंचीनुसार वाऱ्यात पडणारा फरक, शेवटी बघा, पण बघा. जमीन ते सहा किलोमीटर यांतल्या वाऱ्याचा फरक सेकंदाला १० मीटरच्या आत असेल तर वादळं सुटी, अल्पायुषी, जिथे वाढली तिथेच कोसळणारी. १५ च्या वर गेला तर ओळीने चालणारी, २० च्या पुढे सुपरसेलची (आतून फिरणाऱ्या, दीर्घायुषी वादळाची) तयारी. मेमध्ये पश्चिमी जेट (खूप उंचावरचा वेगवान वाऱ्याचा पट्टा) उत्तरेला सरकलेला असतो, म्हणून शिअर कमी. फेब्रुवारी-मार्चमध्ये तो डोक्यावर असतो आणि शून्य अंशाची पातळीही खाली, म्हणून मोठी गारपीट तेव्हाची. २०१४ चा फेब्रुवारीअखेर ते मार्च आठवा.

बार्शी_लाइन

मग भारतात टोर्नेडो होतच नाही का?

हवेचा_दाब

होतो की. ३१ मार्च २०२४ ला जलपायगुडी जिल्ह्यात मयनागुडीकडे झाला. बांगलादेशात दौलतपूर-साटुरियाचा २६ एप्रिल १९८९ चा, सुमारे १३०० बळी. तिकडे बंगालच्या उपसागराची दमट हवा जमिनीलगत, वर कोरडे जोरदार पश्चिमी वारे, ढगाचा तळ खाली. आपल्याकडे यांतलं एखादं असतं, सगळं एकत्र येत नाही.

रडार_पाच_सेंटिमीटर

रडारच्या चित्राबद्दल एक इशारा. हैदराबादचं रडार सोलापूरपासून सरळ रेषेत २७५ किमीवर. अर्ध्या अंशाचा किरण तिथपर्यंत येताना पृथ्वीच्या गोलाईमुळे जवळपास सात किलोमीटर उंच गेलेला असतो. म्हणजे तुम्ही ढगाचं डोकं बघताय. तळाशी काय चाललंय, वारा किती, यातलं काही नाही. मुंबई साडेतीनशे किमीच्या पुढे, तो विषयच सोडा. सोलापुरात आयआयटीएमने (पुण्याची हवामान संशोधन संस्था) कॅपेक्स या ढगांवरच्या प्रयोगासाठी सी-बँड (पाचेक सेंटिमीटर तरंगलांबीचं) रडार बसवलं होतं. असं जवळचं रडार असेल तर १०० किमीच्या आत किरण दीड किलोमीटरच्या खाली राहतो, आणि गस्ट फ्रंटची बारीक रेघसुद्धा दिसते.

सी-बँडच्या दोन खोडी. गारांच्या पलीकडचं वादळ फिकं दिसतं, कारण सिग्नल वाटेतच जिरतो, मागे काही नाही असं समजू नका. दुसरी, वेग दुमडतो. तरंगलांबी ५.३ सेंटिमीटर, सेकंदाला १००० स्पंदनं, तर थेट मोजता येणारा वेग जेमतेम १३ मीटर प्रति सेकंद. त्यापुढचा वारा उलट रंगात दिसतो (रडारकडे येणाऱ्या नि दूर जाणाऱ्या वाऱ्याचे रंग वेगळे असतात). शेजारी-शेजारी लाल-हिरवं दिसलं की ‘फिरतंय, फिरतंय’ म्हणून स्क्रीनशॉट टाकणारे नव्वद टक्के इथे फसतात.

खरी खूण दुसरी : तीन ते सहा किलोमीटर उंचीवरचा ५५-६० डीबीझेडचा (परत येणाऱ्या सिग्नलच्या जोराचं एकक) गाभा रडारच्या पुढच्या फेरीत झपकन खाली आलेला. फेरी दहा मिनिटांची, आणि मायक्रोबर्स्टचा जोर पाच-दहा मिनिटांचाच. हाताशी वेळ किती राहिला ते समजा.

डाळिंब_सांगोला

हवामान खात्याचा यलो अलर्ट ‘ताशी ४० ते ५० किमी’ म्हणतो आणि एखाद्या वाडीत त्याहून दुप्पट नुकसान होतं. लोक म्हणतात अंदाज चुकला.

हवेचा_दाब

तो जिल्ह्याचा इशारा. रंग शक्यता नि परिणाम यांच्या गुणाकारावर ठरतो, त्यात एका वाडीचा सर्वोच्च झोत येत नाही. जवळच्या वेळेसाठी तीन तासांचा नाउकास्ट बघा. दामिनी ॲप २० आणि ४० किमीच्या परिघात पडणाऱ्या विजा दाखवतं. विजांची संख्या दहा मिनिटांत एकदम वाढली तर ढगातला वर जाणारा झोत जोरात आहे. आणि उपग्रहाचं चित्र : इन्सॅट-३डीआर आणि ३डीएस मिळून पंधरा मिनिटांनी एक येतं.

डाळिंब_सांगोला

पाहणीत एक भर. गारा पडल्या असतील तर फळांवरचे डाग कोणत्या अंगाला आहेत ते बघा. बागेच्या चारही बाजूंच्या झाडांना डाग वायव्येच्या अंगालाच असतील तर गारांच्या वेळी वारा वायव्येचा. पडलेल्या झाडाची दिशा वेगळी निघाली तर झोत नि गारा वेगवेगळ्या वेळी आल्या. गारेचा फोटो दहाच्या नाण्याशेजारी ठेवून काढा, नाणं २७ मिलीमीटरचं. ‘लिंबाएवढी’ लिहू नका, लिंबं कशीही असतात.

सीना_काठ

शेवटचं. गच्चीवर वारामापक लावायचा आहे. पाण्याच्या टाकीच्या कठड्याला बांधला तर चालेल? आणि महावेधच्या (गावोगावची स्वयंचलित हवामान केंद्रं) आकडे धरावेत का?

टेफिग्राम

कठड्यावर नको, तिथे हवा दबून वर उसळते, वाचन जास्त येतं. मानक उंची मोकळ्या जागेत जमिनीपासून १० मीटर. गच्चीच बघायची असेल तर कठड्यापासून किमान तीन-चार मीटर वर जाईल असा पाइप, तीन दिशांना ताणलेल्या तारा, आणि विजेसाठी अर्थिंग वेगळं. नोंद तीन सेकंदांच्या झोताची ठेवणारं यंत्र घ्या. तासाची किंवा दहा मिनिटांची सरासरी देणाऱ्यात वळवाचा झोत पुसला जातो. महावेधच्या आकड्यातही आधी हेच बघा, तो झोत आहे की सरासरी. सरासरी असली तरी टाकू नका : वारा कितीला चढला, तापमान कितीला पडलं, दाब कितीला उसळला, या तीन वेळा जुळल्या की झोत गावात किती वाजता शिरला ते कळतं. दोन केंद्रांतलं अंतर नि वेळेतला फरक घेतला की लोट किती वेगाने सरकत होता तेही निघतं.

पत्रेवाला

पाइप सव्वा इंची जीआय घ्या, एक इंची नको. एक इंची आधी स्वतःच हलतो.